एक्केचाळीस नंबरची विनंती

१

पाच नंबरच्या खाटेवरची बाई मंगळवारी दुपारी बारा पन्नासला गेली, आणि तिच्यासाठीची रक्ताची पिशवी वॉर्डात पोचली बारा पंचावन्नला. पाच मिनिटांचा फरक. पिशवी आणणारी परिचारिका धापा टाकत दारात उभी राहिली आणि आत कुणीच तिच्या हातातून ती घेईना.

रक्तपेढी त्याच इमारतीच्या तळमजल्यावर होती. त्या बाईच्या गटाच्या सहा पिशव्या तिथल्या कपाटात थंडगार पडून होत्या. मग उशीर कुठे झाला?

वॉर्डच्या सिस्टर म्हणाल्या, "मी अकरा बेचाळीसला संगणकावरून मागणी पाठवली. वाट पाहिली. बारा दहाला राहवेना म्हणून स्वतः धावत खाली गेले, तेव्हा कुठे त्यांनी रक्त जुळवून बघायला घेतलं."

रक्तपेढीतल्या तंत्रज्ञांनी कानावर हात ठेवले. "बारा दहाच्या आधी आमच्याकडे काहीही आलेलं नाही."

म्हणजे मधली अठ्ठावीस मिनिटं कुणीतरी खाल्ली होती. ती कुणी खाल्ली हे शोधायचं काम संगणक विभागातल्या मागकाढेकडे आलं.

मागकाढे हे काही त्याचं खरं आडनाव नव्हे. पण वीस वर्षं एकच काम केलं की माणसाचं आडनावही झिजून त्या कामाच्या आकाराचं होतं. रुग्णालयातले संगणक एकमेकांशी थेट बोलत नसत. मध्ये प्रॉक्सी सर्व्हर नावाचा मध्यस्थ होता. वॉर्डातून निघालेली प्रत्येक विनंती आधी त्याच्याकडे यायची, तो ती योग्य जागी पोचवायचा, उत्तर माघारी आणायचा आणि प्रत्येक खेपेची एक ओळ आपल्या नोंदवहीत लिहायचा. कुणाचं काही अडलं की मागकाढे ती नोंदवही उघडून त्या एका विनंतीचा माग काढायचा आणि घोडं कुठे पेंड खातंय ते बरोबर सांगायचा. त्याला त्याचा थोडा गर्वही होता. गर्व असावा इतकं ते काम तो चांगलं करायचा.

त्याने मंगळवारची नोंदवही उघडली. अकरा ते साडेबारा. त्या वॉर्डातून तपासण्यांचे अहवाल मागवलेले दिसले, औषधांची यादी गेलेली दिसली, एका डॉक्टरांनी पगाराची पावती उघडून पाहिलेली दिसली. रक्ताची विनंती मात्र कुठेच नव्हती. त्याने तीनदा पाहिलं आणि अहवालात एक वाक्य लिहिलं: 'सदर वेळेत सदर वॉर्डातून रक्ताची विनंती निघालेली नाही.'

त्या एका वाक्यावर सिस्टरना संध्याकाळीच निलंबित केलं गेलं. मेलेल्या बाईचा नवरा चष्म्याच्या काचा घासायचं काम करायचा. त्याने पोलिसांत तक्रार दिली. आता चौकशी समितीचा निकाल आला की नोकरी जाणार आणि मागोमाग निष्काळजीपणाचा खटला उभा राहणार, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक झालं होतं.

नवव्या दिवशी सकाळी सिस्टर संगणक विभागाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. गणवेश नव्हता, त्यामुळे मागकाढेला क्षणभर ओळख पटली नाही.

"तुम्ही लिहिलंत की मी बटण दाबलंच नाही," त्या म्हणाल्या. "मग हा नंबर मी कुठून आणला?"

त्यांनी केसपेपरची छायाप्रत टेबलावर ठेवली.

२

मागकाढेने त्यांना खुर्ची दिली. द्यायलाच हवी होती. दोन वर्षांपूर्वी त्याची आई त्याच वॉर्डात महिनाभर होती, तेव्हा त्याच्या बायकोपेक्षा आणि त्याच्यापेक्षाही या सिस्टरनीच तिचं जास्त केलं होतं. आई त्यांना 'माझी थोरली' म्हणायची. अशा बाईविरुद्ध आपल्याला लिहावं लागलं याचं त्याला वाईट वाटत होतं, पण नोंदवही खोटं बोलत नाही असा त्याचा पक्का समज होता.

केसपेपरवर सिस्टरच्या अक्षरात लिहिलं होतं: '११.४२, रक्त दोन पिशव्या, मागणी क्र. ४१.'

"एक्केचाळीस?" तो म्हणाला.

"समितीनेही असंच तोंड केलं. म्हणाले, इथे लाखांचे आकडे चालतात. खोटा नंबर टाकायचा तर जरा विचार करून तरी टाकायचा, बाई. हसले हो त्यांच्यातले एक."

"पण स्क्रीनवर काय दिसलं होतं?"

"एक्केचाळीसच दिसला, म्हणून एक्केचाळीस लिहिला. मी काय आकडे लावायला बसले होते का?"

"आणि 'मागणी पोचली' असं आलं?"

"आलं की. हिरवी पट्टी. पटकन आली." त्या थांबल्या. "खरं म्हणजे नको इतकी पटकन. पूर्वी ते चक्र चार-पाच सेकंद फिरायचं, तेवढ्यात मी हातमोजे काढून घ्यायचे. हल्ली बटणावरून बोट उचलायच्या आत हिरवं."

मागकाढेने ते कागदावर लिहून घेतलं. लिहिताना त्याला पहिल्यांदाच किंचित अस्वस्थ वाटलं.

"फोन का नाही केलात खाली? तुम्ही लोक तर नेहमी करता."

सिस्टरनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मान खाली घातली.

"सोमवारपासून बंदी आली ना. मागणी गेल्यावर फोन करू नये, दुसऱ्यांदा बटण दाबू नये, यंत्रणेवर विश्वास ठेवावा. भिंतीवर चिकटवलाय कागद. मी रिसीव्हर उचलला होता, मागकाढे. उचलला आणि परत ठेवला."

त्या उठल्या. दाराशी जाऊन हळूच म्हणाल्या, "नऊ दिवस झाले. आता मलाच वाटायला लागलंय की दाबलंच नसेल. माणसाला सगळ्यांनी मिळून वेडं ठरवलं की तो होतो हो वेडा."

३

रक्तपेढीतले तंत्रज्ञ अंगाने किरकोळ, वाणीने तिखट आणि तीन स्वेटर घालून बसणारे. सगळं रुग्णालय त्यांना 'बर्फ' म्हणायचं, अर्थात पाठीमागे.

"आलात?" ते म्हणाले. "आता माझ्यावर ढकलायचंय का? ढकला. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय, तेवढं तरी सुखाने जाऊ द्या."

"मागणी आली आणि कुणी पुसून टाकली, असं होऊ शकतं?" मागकाढेने सरळ विचारलं. आडून विचारण्यात अर्थ नव्हता. माणसाला आपल्यावर संशय आहे हे आधीच कळलं होतं.

बर्फ रागावले नाहीत. त्यांनी स्क्रीन त्याच्याकडे वळवला. "इथे प्रत्येक मागणीला यंत्रच नंबर देतं. मंगळवारचे बघा. दोन लाख अठरा हजार चारशे दोन, तीन, चार, पाच. एक पुसली तर मध्ये खाच पडेल. दिसतेय खाच?"

खाच नव्हती. मागणी पुसली गेलेली नव्हती. ती आलीच नव्हती.

"आणि एक्केचाळीस नंबर?"

"आमच्या पेढीची एक्केचाळिसावी मागणी?" बर्फ पहिल्यांदाच हसले. "ही यंत्रणा सुरू झाली त्या दिवशीची असेल. तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते."

मागकाढे उठला. दारापर्यंत गेला असेल, तेवढ्यात बर्फांनी मागून टोमणा मारला.

"त्या वॉर्डाला बटणं दाबायचं शिकवा आधी. गेले तीन आठवडे त्यांची एकसुद्धा मागणी संगणकावरून आलेली नाही. सगळ्या फोनवर, नाहीतर चिठ्ठीवर. मी हाताने नोंदवून नोंदवून थकलो. आळशी लेकाचे."

मागकाढे जागच्या जागी थांबला.

"तीन आठवडे? एकसुद्धा नाही?"

"एकसुद्धा नाही."

जिना चढताना त्याच्या डोक्यात हिशेब जुळू लागला. एका बाईने एकदा बटण दाबलं नाही, हे समजू शकतं. पण तीन पाळ्यांतल्या नऊ परिचारिका तीन आठवडे बटणच दाबत नाहीत, हे कसं? दाबत असणारच. त्यांना हिरवी पट्टीही दिसत असणार. मग सवयीप्रमाणे त्या फोन करत, बर्फ फोनवर पिशवी देत, आणि मागणी मुळात पोचलीच नाही हे कुणालाच कळत नसे. सोमवारी फोन बंद झाला. मंगळवारी बाई मेली.

आणि एक्केचाळीस म्हणजे खोटा आकडा नव्हता. कुठेतरी दुसरीच एक रक्तपेढी होती, जिला आयुष्यात फक्त एक्केचाळीस मागण्या आल्या होत्या. तिच्याकडे शोधायला रक्तच नव्हतं, म्हणून ती बोट उचलायच्या आत उत्तर देत होती.

तीन आठवड्यांपूर्वी त्या वॉर्डात असं काय बदललं होतं?

४

उत्तर वॉर्डातल्या मावशींनी दिलं. त्या फरशी पुसत होत्या. "संगणक बदलला की. जुन्यावर कुणीतरी सलाईन सांडलं. नवा आणून बसवला तुमच्या त्या पोस्टमनने."

पोस्टमन म्हणजे विभागातलाच, मागकाढेच्या शेजारच्या टेबलावर बसणारा. नव्या संगणकांना जाळ्यातले पत्ते वाटायचं काम त्याचं, म्हणून हे नाव. पत्ता म्हणजे चार आकड्यांचा संच. त्यावरून प्रॉक्सी ओळखतो की विनंती कुणाकडून आली. बारा वर्षं दोघं एका डब्यातलं जेवत होते.

"वॉर्डातला संगणक बदललास, त्याची नोंद कुठाय?" मागकाढेने विचारलं.

"असेल की रजिस्टरमध्ये."

"नाहीये. मी पाहिलं."

"मग राहिली असेल. तुला काय करायचंय?" पोस्टमनने ड्रॉवर उघडला, बंद केला, पुन्हा उघडला.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. मागकाढेचा पारा चढला. "एक बाई मेलीये, आणि एक जिवंत बाई तुरुंगात जायच्या वाटेवर आहे. तू काय केलंस ते सांग. नाहीतर मी समितीला सांगतो की तू रजिस्टर लपवलंस."

पोस्टमनने ड्रॉवर लोटून बंद केला. मग म्हणाला, "नवे पत्ते संपले होते. वरून मंजुरी यायला महिना लागतो. वॉर्ड तोवर बंद ठेवू का? म्हणून परत आलेल्या सामानातला एक मोकळा पत्ता काढून दिला. नियमात बसत नाही, म्हणून नोंद केली नाही. पण त्याने काय बिघडतं रे? पत्ता तो पत्ता. बाकी सगळं चालू होतं ना त्या संगणकावर?"

"कुणाचा होता तो पत्ता?"

"एका लॅपटॉपचा."

"कुठल्या?"

पोस्टमनने वर पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते. आठवडाभर तो हे मनात घेऊन बसला असावा.

"कुठल्या काय विचारतोस. तुझ्याच."

५

मागकाढेने प्रॉक्सीच्या नियमांची फाइल उघडली. तिथे तीनशेच्या वर नियम होते आणि प्रत्येकावर नियम कुणी केला, का केला, याची एक ओळ. ही शिस्त त्यानेच विभागाला लावली होती. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला तो पहिल्या दिवशी सांगायचा, "उद्या तुम्ही नसाल, ओळ असेल."

दोनशे सतराव्या नियमावर ओळ होती: 'तात्पुरते. एकच मागणी दोनदा का पोचते ते तपासण्यासाठी. काम झाल्यावर काढून टाकणे.' आणि खाली त्याची स्वतःची आद्याक्षरं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्याला हसू आलं नाही.

आता सगळं आठवलं. चार महिन्यांपूर्वी बर्फांनी तक्रार केली होती की एकाच रुग्णासाठी दोन-दोन मागण्या येतात. मागकाढेने एक लॅपटॉप घेतला. खऱ्या पेढीला त्रास नको म्हणून तिची हुबेहूब नक्कल असलेली एक खोटी पेढी उभी केली. प्रॉक्सीला सांगितलं, या एका पत्त्यावरून रक्ताची विनंती आली की ती खोट्या पेढीकडे वळव, आणि तिची नोंद नेहमीच्या वहीत न करता वेगळ्या फाइलमध्ये कर, म्हणजे मला माग काढायला सोपं जाईल. त्याने तीस वेळा बटण दाबून पाहिलं. यंत्रणा निर्दोष निघाली. दोष माणसांचा होता. परिचारिका बटणही दाबत आणि फोनही करत, मग बर्फ फोनवरची मागणी पुन्हा नोंदवत. मागकाढेने लॅपटॉप परत केला. लॅपटॉपच गेला, आता त्या पत्त्यावरून कोण येणार, म्हणून नियम काढायचा राहिला.

आणि शेवटी एक शिफारस लिहिली होती: 'वॉर्डांना फोन करण्यास मनाई करावी. यंत्रणेवर विश्वास ठेवावा.' शिफारशीवर तीन महिने सह्या होत राहिल्या आणि ती त्या सोमवारी भिंतीवर चिकटली.

खापर फोडायला तो दुसऱ्यांची डोकी शोधत आला होता. रस्ता चुकवणारा तोच होता. चुकलेल्या माणसाला हाक मारायचा फोनही त्यानेच बंद केला होता. वर 'विनंती निघालेली नाही' असं लिहून सिस्टरना बुडवलं होतं तेही त्यानेच.

त्याने वेगळी फाइल उघडली. तळाला शेवटची विनंती होती. अकरा बेचाळीस वाजून नऊ सेकंद. खाट पाच. दोन पिशव्या. क्रमांक एक्केचाळीस. उत्तर: 'मागणी पोचली.'

मंगळवारनंतर एकही विनंती नव्हती. त्या दिवसापासून बटणावर कुणाचा विश्वास उरला नव्हता. परिचारिका चिठ्ठ्या घेऊन जिने उतरत होत्या.

त्याने नियम काढून टाकला. त्याला एक सेकंद लागला.

६

रुग्णालयाच्या अधीक्षक बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "तांत्रिक बिघाड," त्या म्हणाल्या. "सिस्टरना उद्या कामावर घेऊ. मंगळवारची नोंद समितीपुढे ठेवा. तुमच्यापुरतं, म्हणजे, ताकीद वगैरे होईल. पण सिस्टर सुटल्या, हे महत्त्वाचं."

मेलेल्या बाईचा नवरा व्हरांड्यातल्या बाकावर होता. तो रोज यायचा. मागकाढेने त्याच्यासमोर उभं राहून सगळं सांगितलं. काचा घासणाऱ्याची बोटं, नखांत पांढरी पूड. त्याने फक्त एवढंच विचारलं, "म्हणजे सिस्टरनी वेळेत मागितलं होतं?"

"हो."

"मी त्यांना काय काय बोललो," तो म्हणाला, आणि मान फिरवून रडू लागला. मागकाढेला त्याने एक शिवीसुद्धा दिली नाही. दिली असती तर फार बरं झालं असतं.

सिस्टर दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहायच्या. संध्याकाळी मागकाढे गेला तेव्हा इस्त्रीचा गणवेश दाराच्या खुंटीला होता. त्यांनी पाणी दिलं. त्याने सांगितलं, "तुम्ही दाबलं होतं. सिद्ध झालं. उद्या कामावर या." आणि मग उरलेलंही सांगितलं, स्वतःचं.

त्याला वाटलं होतं त्या सुटकेचा श्वास सोडतील. त्यांनी खुंटीवरच्या गणवेशाकडे पाहिलं.

"दाबलं नव्हतं असं मानलं होतं ना, तेव्हा निदान एक होतं," त्या म्हणाल्या. "चुकलं तर माझं चुकलं, पुढे नीट करीन. आता काय करू? मी सगळं बरोबर केलं आणि ती गेली. उद्या पुन्हा ते बटण दाबताना मी कशावर विश्वास ठेवू, सांगा."

त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"चूक माझी आहे, सिस्टर."

"माहितीये. ऐकलं मी." त्या रागाने बोलत नव्हत्या. मग अचानक त्यांचा हात तोंडावर गेला. "मागकाढे, सोमवारी संध्याकाळी मी नऊ नंबरच्या आजोबांसाठीही दाबलं होतं. हिरवं आलं. आठला माझी पाळी संपली. दुसऱ्या पाळीला सांगून गेले की पिशवी येतेय. सकाळी आले तर खाट रिकामी. वय झालं होतं, म्हणाले सगळे. मीही तेच म्हणाले. त्यांना... त्यांना मिळालं होतं ना रक्त?"

मागकाढेने ती ओळ पाहिलीच नव्हती. ज्या विनंतीबद्दल कुणी विचारलं, तेवढीच एक शोधून वर यायचं, ही त्याची वीस वर्षांची सवय. पण फाइल उघडायची आता गरजही नव्हती. तीस त्याच्या स्वतःच्या. पुढच्या सगळ्या त्या वॉर्डाच्या, आणि फोनबंदीनंतरची शेवटची एक्केचाळीस. तिच्या आधी चाळीस होतीच, आजोबांची.

सकाळी त्याने फाइल उघडून खात्री केली. सोमवार, सहा वाजून अठरा मिनिटं. खाट नऊ. एक पिशवी. उत्तर: 'मागणी पोचली.'

तो पुन्हा अधीक्षक बाईंकडे गेला. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "त्यांचं कुणी नव्हतं हो. अंत्यविधी आपणच केला. तक्रार नाही तर चौकशी कशी लावू? आणि आता लावून ते परत येणार आहेत का? जे मिटलंय ते मिटू द्या."

"तक्रारीचा अर्ज कुठे मिळतो?" त्याने विचारलं.

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. मग त्यांनी टेबलाच्या खणातून एक कोरा अर्ज काढून पुढे सरकवला.

मागकाढे आपल्या टेबलाशी येऊन बसला. शेजारी पोस्टमन डबा उघडून त्याच्यासाठी थांबला होता, त्याला त्याने मानेनेच नाही म्हटलं. तारीख लिहिली, खाट लिहिली, विनंतीचा क्रमांक लिहिला. तक्रारदाराच्या रकान्यात त्याने आपलं खरं नाव पूर्ण लिहिलं. त्याखाली 'तक्रार कुणाविरुद्ध' असा रकाना होता. तिथे तेच नाव, त्याच अक्षरात, पुन्हा एकदा.